धुराड्यावरचे व्याही

"साखरपुड्यात व्याह्यांना चादर घालायची नाही," असं एकनाथ सरांनी जाहीर केलं तेव्हा गोदावरीबाई शेंगदाणे भाजत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. नवऱ्याची असली वाक्यं हातात झारा धरून ऐकू नयेत, एवढं त्यांना संसारानं शिकवलं होतं. त्या बाहेर आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या आणि मग काय घालायचं, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

सर म्हणाले, टॉवेल-टोपी देऊ, उपरणं घालू, नुसता हार घातला तरी भागेल.

"सोलापुरात?" गोदावरीबाई म्हणाल्या.

प्रश्न एका शब्दाचा होता. सोलापुरात माणसाचा मान चादरीशिवाय पुरा होत नाही. पोरगं दहावीला पास झालं, चादर. माणूस निवृत्त झाला, चादर. निवडणूक जिंकली तर चादर, आणि हरली तरी समजूत काढायला येणाऱ्यांतला कुणीतरी एक चादर घेऊन येतोच. सरांना शाळेच्या नोकरीत मिळालेल्या चादरींनी घरातल्या कपाटाचा एक अख्खा कप्पा भरला होता, आणि त्यातली एकही अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आली नव्हती. अशा गावात मुलीच्या सासऱ्याला चादर न घालणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यातला प्रकार होता.

सरांनी मग व्याह्यांना लोकरीची अॅलर्जी आहे, असं सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, चादर सुती असते. सर म्हणाले, उन्हाळा आहे. बाई म्हणाल्या, त्यांना कुणी पांघरून झोपा म्हणत नाही. खांद्यावर टाकायची, फोटो काढायचा, घडी करून हातात द्यायची. शेवटी सरांनी आवाज चढवून, या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही, असं विचारलं. बाईंनी त्यावर जे खरं होतं ते सांगितलं आणि त्या शेंगदाण्यांकडे परत गेल्या.

सरांना खरं कारण सांगता येत नव्हतं. ते कारण जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक स्वतः सर आणि दुसरा त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र मुबीन. ऐन तारुण्यात मुबीन वडिलांच्या छापखान्यात बसायचा आणि 'सुईदोरा' नावाचं चार पानांचं पाक्षिक काढायचा. गावातल्या बड्या लोकांना टोचणं हा त्याचा एकमेव उद्देश होता. एकनाथ तेव्हा नोकरीसाठी चपला झिजवत होता. दुपारी छापखान्यात बसून, टोपणनाव घेऊन, तो 'सुईदोऱ्या'च्या शेवटच्या पानावर एक चित्रमालिका काढायचा. तिच्या नायकाचं नाव होतं चादरमॅन.

परदेशी चित्रकथांमधले ते आभाळातून उडणारे, पँटवरून चड्डी घालणारे वीर तेव्हा पोरांच्या तोंडी होते. एकनाथनं त्यांचा एक सोलापुरी भाऊ तयार केला. त्याच्या गळ्याशी गाठ मारलेली चादर होती, पँटवर पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी होती आणि छातीवर 'सो' हे अक्षर होतं. त्याच्या अंगात ताकद अफाट, पण तो संकटाच्या जागी नेमका संकट संपल्यावर पोचायचा. पोचला की आधी सत्कार स्वीकारायचा, फोटोला उभा राहायचा, आणि मग आजूबाजूला बघत विचारायचा, "संपलं का?"

चेहरा मात्र एकनाथच्या कल्पनेतला नव्हता. मोडनिंबकडच्या एका वस्तीवर विहिरीत म्हैस पडली होती आणि तिची बातमी फोटोसकट पेपरात आली होती. मदतीला म्हणून कुठल्याशा खात्याचे एक तरुण साहेब दुसऱ्या दिवशी पोचले. म्हैस तोवर वर येऊन कडबा खात होती. ती काढणाऱ्या पोरांसाठी गावानं चादर आणून ठेवली होती, पण साहेब आले म्हटल्यावर रीतीप्रमाणे ती साहेबांच्या खांद्यावर गेली. फोटोत साहेबांच्या झुपकेदार मिशा होत्या, वाऱ्यानं फुगून पाठीमागे उडालेली चादर होती आणि शेजारी म्हैस होती. एकनाथला आयता नायक मिळाला.

चादरमॅन असा काही चालला की 'सुईदोरा' बंद पडून जमाना लोटला तरी तो काही बंद पडला नाही. अक्षता पडल्यावर मांडवात शिरणाऱ्याला सोलापुरात आजही "आला चादरमॅन" म्हणतात. रिक्षावाला उशिरा आला की बायका त्याला "संपलं का?" विचारतात. नाव कुठून आलं ते बहुतेकांना माहीत नाही. अलीकडे तर कुणीतरी जुने अंक धुंडाळून चादरमॅनचे मोबाइलचे स्टिकर केले. सरांच्या वर्गात एखादा उशिरा आला की पोरं त्यांच्या तोंडावर चादरमॅन म्हणून ओरडायची. सर त्यांना दरडावून गप्प करायचे, आणि फळ्याकडे वळून गालातल्या गालात हसायचे.

मालिकेचा शेवट मात्र कधी झालाच नाही. शेवटच्या छापलेल्या भागात गिरणी सुरू करा म्हणून एक कामगार धुराड्यावर चढतो. चादरमॅन त्याला वाचवायला झेप घेतो. तो वर पोचेपर्यंत कामगार खाली उतरून, चहा पिऊन घरी गेलेला असतो. चादर धुराड्याच्या टोकाच्या सळईत अडकते आणि चादरमॅन आभाळात लोंबकळत राहतो. त्याखाली 'क्रमशः' असं लिहिलेलं होतं, आणि पुढचा भाग आलाच नाही. पाक्षिक बंद पडलं म्हणून, असंच लोकांना वाटलं.

हे सगळं सरांनी सुखानं विसरून टाकलं असतं. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, उत्कर्षानं, तिच्याच ऑफिसातला ओजस नावाचा मुलगा पसंत केला, मुलगा कुर्डुवाडीचा निघाला, आणि बोलणी करायला सर-बाई कुर्डुवाडीला गेले. दार मुलाच्या वडिलांनी उघडलं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण झुपका तोच होता. सरांनी त्या मिशा कागदावर इतक्या वेळा काढल्या होत्या की डोळे मिटून काढा म्हटलं असतं तरी त्यांना काढता आल्या असत्या. त्यांनी बाईंना पुढं केलं आणि ते त्यांच्या आडून आत गेले.

व्याह्यांचं नाव बिभीषणराव. मूळचे करकंबचे, साहेब म्हणून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. गोदावरीबाई घर बघायला आत गेल्यावर विहीणबाईंनी सरांना हळूच सांगितलं की बाकी आमची काही अट नाही, फक्त यांच्या अंगावर चादर येणार नाही तेवढं सांभाळा, आणि हे घरातही कुणाला बोलू नका. मग त्यांनी म्हशीपासून सगळी कहाणी सांगितली. बदली होईल तिथं हे नाव साहेबांच्या आधी पोचायचं. टेबलावर फाइल ठेवता ठेवता शिपाई विचारायचा, साहेब, धुराड्यावरून उतरला का? निरोपाच्या समारंभात चादर पुढं आली तशी सगळी सभा हसली आणि साहेब भाषण न करता घरी आले. त्या म्हशीपासून माणूस कुठंही वेळेच्या तासभर आधी जाऊन बसतो, पण नाव काही पुसलं जात नाही.

बिभीषणराव खाली बघत लाडू खात होते. लाडू संपल्यावर ते म्हणाले, "सोलापूरचाच कुणी हाय तो चित्र काढणारा. जिता असंल तर मला एकदा भेटायचंय त्याला."

एवढंच बोलून ते पाणी प्यायले. राग नाही, काही नाही. सरांना त्या शांतपणाचीच धडकी भरली. रागावलेला माणूस दोन शिव्या देऊन मोकळा होतो. हा माणूस तीस वर्षं थांबला होता. आणि उत्कर्षा ही लहानपणापासून मोजकं हसणारी पोर. ओजसशी ठरल्यापासून ती फोनवर खळखळून हसायची, आणि सर ते ऐकायला म्हणून बाईंना फोन स्पीकरवर टाकायला लावायचे. ते हसू आपल्या एका जुन्या चित्रापायी बंद पडणार, या विचारानं त्यांची झोप उडाली.

दुसऱ्याच दिवशी सर मुबीनच्या दुकानात गेले. छापखान्याचं आता फ्लेक्सचं दुकान झालं होतं. मुबीननं सगळं ऐकून घेतलं, दोन चहा मागवले आणि सरळ जाऊन सांगून टाक, असा सल्ला दिला. सर म्हणाले, लग्न मोडेल. मुबीन म्हणाला, अरे, कुणी चित्रावरून लग्न मोडतं का? सर म्हणाले, तुझी मिशी कुणी तीस वर्षं धुराड्याला टांगली नाही म्हणून तुला असं वाटतं. हे मुबीनला पटलं. आपल्या तोंडून एक अक्षर निघणार नाही, अशी त्यानं कसम खाल्ली, आणि साखरपुड्याला बायकोला, गुलनाजला, घेऊन येतो, व्याह्यांसाठी एक झकास चादर बघून ठेवलीय, असंही सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात दोन्ही घरांचा मिळून एक व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बिभीषणरावांनी त्यावर लिहिलं, "आम्ही सकाळी लवकर हॉलवर पोचत आहोत." त्याखाली गोदावरीबाईंचे थोरले भाऊ, अक्कलकोटचे आण्णा, यांनी कौतुकानं एक स्टिकर टाकला. आण्णांना वाचायला चष्मा लागायचा आणि स्टिकर ते चष्म्याशिवाय टाकायचे. सरांनी मोबाइल उघडला तर चादरमॅन हात जोडून विचारत होता, "संपलं का?"

सरांना तो पुसता येईना. आण्णांना फोन लावला तर ते कानडी वळणानं म्हणाले, हौदु, होय की, नमस्काराचं चित्र आहे, चांगलं आहे. शेवटी सरांनी ग्रुपवर सुविचारांचा मारा सुरू केला. गुलाब, समई, उगवता सूर्य, आईची महती, पाणी वाचवा, मौनाचे फायदे. चादरमॅन पार वर गेला, दिसेनासा झाला, तरी सर थांबले नाहीत. उत्कर्षानं पुण्याहून निघता निघता फोन करून, बाबा, तुम्हाला बरं नाही का, असं विचारलं. ओजसच्या मावशीनं ग्रुप सोडला. संध्याकाळी बिभीषणरावांचं उत्तर आलं, "छान." हा 'छान' सुविचारांना होता की स्टिकरला, याचा विचार करत सरांनी रात्रीचं जेवण अर्ध्यावर सोडलं.

होटगी रोडवरचा हॉल सकाळी झाडायला घेतला होता तेव्हाच बिभीषणराव सहकुटुंब येऊन बसले होते. सरांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि स्वतः दाराशी उभे राहिले. गोदावरीबाईंना वाटलं, स्वागताला उभे आहेत. सर चादरी अडवायला उभे होते.

पहिली चादर शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणली. सरांनी ती हसून हातातून काढून घेतली आणि आत नेऊन ठेवतो म्हणाले. दुसरी शेजारच्या संगप्पांची, तिसरी मुबीनची. मग त्यांना थांबायला सवड मिळेना. जो येई त्याच्या काखेत पिशवी, पिशवीत चादर, आणि सर ती ओढून घेऊन वधूपक्षाच्या खोलीत फेकत. काही लोक पिशवी सोडेनात, कारण त्यांना व्याह्यांच्या खांद्यावर स्वतःच्या हातानं चादर घालून फोटो काढायचा होता. त्यांच्याशी सरांची थोडी ओढाताण झाली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली की मुलीचा बाप दारातच आहेर गोळा करतोय, बरा दिसत नाही. कुजबुज गोदावरीबाईंपर्यंत पोचली आणि त्या नाकाचा शेंडा लाल करून दाराशी आल्या.

"अहो, लोक आपल्याला काय म्हणायला लागलेत, कळतंय का?"

"म्हणू दे," सर म्हणाले. "तू आत बघ. कुणाकडे राहिली असेल तर काढून घे."

बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता, त्यामुळे त्यांना जास्तच काळजी वाटली.

साखरपुडा सुरू झाला. उत्कर्षानं हिरवी साडी नेसली होती. ओजस तिच्या कानात काहीतरी म्हणाला आणि ती हसली. सरांना ते दिसलं, आणि आता एवढा तासभर धकला की सुटलो, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. अंगठ्या घातल्या, पेढे झाले. व्याह्यांना सरांनी स्वतः टॉवेल-टोपी दिली. बिभीषणरावांनी टोपी घातली, टॉवेल मांडीवर ठेवला आणि मान हलवली. सरांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

नेमके तेव्हाच आण्णा उठले. मेहुण्याचं दारातलं वागणं त्यांनी बघितलं होतं, आणि चादर त्यांनी जाकिटाच्या आत, पोटाला गुंडाळून आणली होती. आण्णा आज जाडे दिसतात, असं सरांना वाटलंही होतं.

"आमच्या दाजींना रीतभात राहिली नाही," आण्णांनी माइकवर सांगितलं. "सोलापुरात व्याही येतो आणि टॉवेलवर जातो, असं झालं न्हाय. कन्येचा मामा म्हणून मी मान करतो." आणि त्यांनी जाकिटाची बटणं सोडून पोटावरून लांबलचक चादर उलगडायला सुरुवात केली.

बिभीषणरावांनी डोळे मिटले. मागच्या रांगांत कुणीतरी खुसखुसलं. आण्णांनी चादर दोन्ही हातांनी उंच उघडली आणि ती व्याह्यांच्या खांद्यावर उतरू लागली. पुढचं सरांनी ठरवून केलं नाही. ते धावले, मध्ये घुसले, आणि चादर व्याह्यांवर पडू नये म्हणून तिच्याखाली स्वतः उभे राहिले. चादर सरांच्या खांद्यावर पडली. व्यासपीठावरचा मोठा पंखा त्यांच्या समोर होता. चादर फुगली आणि पाठीमागे उडाली. मुलीच्या साखरपुड्यात मुलीच्या बापानं व्याह्याचा मान आपल्या अंगावर घेतलेला सोलापुरानं तोवर पाहिला नव्हता.

मग मागून एक पोरगं स्पष्ट म्हणालं, "चादरमॅन."

सगळा हॉल हसला. आण्णा हसले, छायाचित्रकार हसला, मुबीन खाली वाकून रुमाल शोधू लागला. उत्कर्षा तेवढी हसली नाही. ती बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. आणि बिभीषणरावही हसले नाहीत. ते उठले, सरांच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "जरा आत या."

वधूपक्षाच्या खोलीत बसायला जागा नव्हती. चादरींचा ढीग छातीपर्यंत आला होता. बिभीषणरावांनी दार लावून घेतलं, ढिगाकडे बघितलं, सरांकडे बघितलं. सरांच्या अंगावर अजून चादर होती आणि ती काढायचं त्यांना सुचत नव्हतं.

"तीस वर्षं झाली," बिभीषणराव म्हणाले. "माझ्या अंगावर चादर येताना बघितली की माणसं हसत्यात. भ्यालेला माणूस आज पहिल्यांदा बघितला." त्यांनी सरांच्या खांद्यावरची चादर बोटानं उचलून पाहिली. "ते चित्र तुमचं का?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. मग एकदम सगळं बोलून टाकलं. चूक माझी, पोरीची नाही, तिला यातलं काही माहीत नाही, मला काय बोलायचं ते बोला, चारचौघांत बोला, पण तिचं मोडू नका. बोलताना ते रडले, आणि नाक पुसायला दुसरं काही सापडेना म्हणून त्यांनी चादरीचं टोक घेतलं.

बिभीषणराव ढिगाच्या कडेला टेकले. पोरांचं कशाला मोडू, असं ते म्हणाले. मग त्यांनी टॉवेलची घडी घातली.

"त्या दिवशी जीप बंद पडली होती," ते म्हणाले. "मी चालत गेलो तितं. पाय सोलून निघाले. म्हैस वर आलेली बघून मला इतका आनंद झाला की चादर कुणाची हाय ते सुद्दा विचारलं न्हाय. ते जाऊ दे. तुमी हसलात, लोक हसले, मीबी एकदा घरी जाऊन हसलो. चित्र चांगलं होतं. पण तुमी मला धुराड्यावर टांगलं आणि निघून गेला. तीस वर्षं लोक विचारतात, साहेब, उतरला का? मी काय सांगू? मलाच म्हाईत न्हाय."

सरांनी अंगावरची चादर काढून ढिगावर ठेवली.

"म्हणून तुमाला हुडकत होतो," बिभीषणराव म्हणाले. "मला खाली उतरवा. लग्नाच्या आत."

बाहेर आल्यावर बिभीषणराव पुन्हा आपल्या खुर्चीवर बसले, सगळं यथासांग पार पडलं आणि पंगत उठली. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. उत्कर्षाला मात्र सरांनी त्या संध्याकाळीच सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग मोबाइलवर तो स्टिकर मोठा करून बघत बसली. गोदावरीबाईंनी, एवढे दिवस माझ्यापासून लपवलंत, असं म्हणून दोन दिवस अबोला धरला. पण रोज पोळी वाढताना त्या ताटाकडे बघून पुटपुटायच्या, त्यांना आधी खाली उतरवा.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल की काम सोपं होतं. चित्रकलेच्या शिक्षकाला एक माणूस धुराड्यावरून खाली आणायचा होता. पण सर आधीपेक्षा मोठ्या अडचणीत होते, कारण 'सुईदोरा' बंद पडला म्हणून मालिका थांबली ही गोष्टच खोटी होती. मुबीननं पुढच्या अंकासाठी पान कोरं ठेवून वाट पाहिली होती. एकनाथला चादरमॅनला खाली कसं आणायचं ते सुचलं नव्हतं, एवढंच. पान कोरं जाऊ लागलं, वाचक गळाले आणि त्यातच पाक्षिक बसलं. तेव्हा जे सुचलं नाही ते आता, लग्नाची तारीख धरलेली असताना, सुचायला हवं होतं.

बिभीषणराव दर रविवारी कुर्डुवाडीहून गाडीनं येऊ लागले. सर अंघोळीला गेलेले असतानाच ते दारात हजर असायचे. सर त्यांना कच्ची चित्रं दाखवायचे. एका चित्रात शिडी होती. शिडीनं उतरायचं तर मग चादर कशाला, असं म्हणून बिभीषणरावांनी ती बाजूला सारली. एकात चादर फाटून ते वाळूच्या ढिगात पडत होते. ते त्यांना अपमानाचं वाटलं. एकात हेलिकॉप्टर होतं, तर सोलापुरात हेलिकॉप्टर पुढाऱ्यांसाठी येतं, माझ्यासाठी कोण पाठवतंय, असं ते म्हणाले. म्हैस मदतीला येते ही कल्पना सरांनी दाखवायच्या आधीच पुसून टाकली. पत्रिका छापून आल्या, मुबीननं गेटावरचा फ्लेक्स लावला, बस्ता बांधून झाला, आणि नवरदेवाचे वडील अजून धुराड्यावरच होते. सरांचं वजन उतरलं, पोट तेवढं उतरलं नाही.

लग्नाच्या आधीच्या रविवारी बिभीषणराव आले तेव्हा सर टेबलाशी बसून होते. समोर एकच कागद होता. दाखवायची त्यांची हिंमत होत नव्हती, म्हणून त्यांनी तो उलटा ठेवला होता. बिभीषणरावांनी चष्मा लावला आणि कागद सुलटा केला.

चादरमॅन अजून वरच होता. पण आता तो एकटा लोंबकळत नव्हता. चादर सळईतून सुटली होती आणि तो धुराड्याच्या काठावर पाय सोडून नीट बसला होता. त्याच्या शेजारी दुसरा एक माणूस बसला होता. टक्कल, कानामागे पेन्सिल, खांद्यावर चादर, धापा टाकत नुकताच चढून आलेला. दोघांच्या मध्ये चहाची किटली होती. खाली सगळं सोलापूर पसरलं होतं आणि इवलीइवली माणसं मान वर करून ओरडत होती, संपलं का? खाली 'समाप्त' लिहिलं होतं.

"मला तुम्हाला उतरवता येईना," सर म्हणाले. "म्हणून मीच वर आलो."

बिभीषणरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. आत गोदावरीबाईंनी भांड्यांचा आवाज बंद केला होता. सरांना वाटलं, आता लग्न टिकलं तर नशीब.

"चांगलं हाय," बिभीषणराव शेवटी म्हणाले. त्यांच्या मिशा किंचित हलल्या. मग त्यांनी टकल्या माणसावर बोट ठेवलं. "पण यांचं पोट एवढं आत कुटं असतंय? मला काढताना सगळं खरं खरं काढलं की तुमी. हे पण नीट काढा."

सरांनी खोडरबर घेतलं आणि ते पोट काढायला बसले.